लिंबाचं पान खिशात घालून नेणाऱ्या अण्णांना

अण्णा, तुम्ही मोबाईल बघत नाही, पण तुमची नात वाचून दाखवेल म्हणून लिहितेय. काल लिंबाला बहर आलाय. हस्त बहर, म्हणजे लिंबं ऐन उन्हाळ्यात. सकाळी चहा तसाच गार झाला माझा, झाडाखालीच उभी होते.

मे महिन्यात हेच झाड काढून टाका म्हणून सांगितलं होतं मला. तो गार्डनवाला, दर महिन्याला पैसे घेणारा, भर दुपारी कोरड्या लॉनवर मुठीने युरिया फेकून गेला, आठ दिवसांत मुठीमुठीएवढे जळके डाग पडले आणि वर मलाच म्हणतो ताई तुम्ही पाणी कमी घातलंत. लिंबाचे शेंडे पिवळे पडले तर बुंध्याशी अजून खत ओतलं, आणि तरी सुधारेना तर म्हणे म्हातारं झालंय, इथे पाम लावू. सासूबाईंनी लावलेलं झाड हो ते! त्या गेल्या वर्षी गेल्या, हे त्याला माहीत होतं.

तुम्ही आलात ते खताची पिशवी न घेता. आधी खाली बसलात आणि बुंध्याला टेकलेलं ते सगळं खत हाताने ओढून बाजूला केलंत. मग थोडं उकरून पांढरे खडे दाखवलेत, चुनखडी. "नवी पानं पिवळी न् शिरा हिरव्या, हा आमच्या उसातला केवडाच, लोह न मिळाल्याचा रोग. नत्र कमी असतं तर आधी जुनी पानं पिवळी पडली असती. लोह जमिनीत आहे पण चुन्यामुळं मुळांना उचलता येत नाही, आणि हा युरिया, 46 टक्के नत्र, ओततोय. पोट बिघडलेल्याला बासुंदी!" इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले मी.

नंतर शेणखतात मुरवलेलं हिराकस, म्हणजे लोहाचं खत, बुंध्यापासून लांब दुपारची सावली संपते तिथे आळं, ते सगळं झालंच. पण माझ्या डोक्यातून जात नाही ते वेगळंच. जाताना तुम्ही एक पिवळं पान तोडून शर्टाच्या खिशात ठेवलंत. मला वाटलं सवय असेल. महिन्याने न बोलावता आलात, खिशातल्या डायरीतून तेच पान काढलंत, वाळलेलं, आणि नव्या पालवीशेजारी धरून मला म्हणालात, "बघा ताई." महिनाभर आमच्या झाडाचं पान खिशात घेऊन फिरलात तुम्ही. आमचा तो महिन्याचे पैसे घेणारा, त्याला आमच्याकडे लिंबू आहे की मोसंबं हेही धड माहीत नव्हतं.

अशी माणसं भेटली की वाटतं अजून सगळं पैशावर आलेलं नाही. पैसे विचारले तर म्हणालात हिराकसाचे तेवढे द्या.

लॉन अजून दोन ठिकाणी टकलं आहे, चालेल. ते पान मी मागून घेतलं होतं ना, सासूबाईंच्या फोटोच्या फ्रेममध्ये खोचलंय. एप्रिलमध्ये पिशवी घेऊन या, लहान नको, मोठी आणा.