पानांची चित्रे नकोत, टिपणे जोडता येतील असा मजकूर हवा

महोदय,

मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय ३ ऑक्टोबर २०२४ रोजी झाला, तेव्हापासून जुन्या ग्रंथांच्या डिजिटायझेशनची चर्चा सतत कानावर येते. मात्र ती बहुतेक वेळा पाने स्कॅन करून संकेतस्थळावर चढवण्यापाशीच थांबते. महाविद्यालयात बरीच वर्षे जुने मराठी साहित्य शिकवल्यावर मला कळकळीने सांगावेसे वाटते, की संहितेच्या अभ्यासाला पानाचे चित्र पुरत नाही. त्यासाठी शब्दावर बोट ठेवून तिथेच टिपण जोडता येईल, असा स्वच्छ युनिकोड मजकूर, म्हणजे संगणकाला प्रत्येक अक्षर ओळखता येईल असा मजकूर, लागतो.

आमच्या एम. ए.च्या वर्गाने ‘कॅटमा’ हे हॅम्बुर्ग विद्यापीठात विकसित झालेले, मजकुरावर खुणा आणि टिपणे करण्याचे मोफत संगणकीय साधन वापरून ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायातील दृष्टांतांवर खुणा करायला घेतल्या. ‘जैसा’, ‘जैसे’ एवढे शोधले की काम झाले, असे आधी वाटले होते. प्रत्यक्षात कितीतरी दृष्टांत शोधातून निसटले, कारण ज्ञानदेव एकावर एक दृष्टांत रचत जाताना ‘कां’ आणि ‘नातरी’ असेही म्हणतात. अहिंसेच्या वर्णनात, केसर कुस्करेल या शंकेने कमळावर हळुवार पाय ठेवणारा भ्रमर येतो तो ‘कां’ या शब्दानेच. आजचा ‘का’ डोक्यात असलेल्या एका विद्यार्थिनीने तिथे ‘प्रश्न’ अशी खूण केली. दुसऱ्याने तिच्या खुणेखाली ‘येथे कां म्हणजे किंवा’ असे लिहिले, आणि सगळा तास त्या एका अक्षरावर गेला. गाइडमधला सरलार्थ वाचून असा तास कधी झाल्याचे मला आठवत नाही.

पोथीच्या समासात टिपा लिहिण्याची आणि हंसपद देऊन गळलेला शब्द भरण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. नव्या साधनांत टिपण मूळ मजकुराला धक्का न लावता वेगळे साठवले जाते आणि आजूबाजूच्या अक्षरांवरून किंवा त्यांच्या क्रमावरून आपली जागा ओळखते. त्यामुळे मजकूर सदोष असला किंवा मागाहून बदलला, की टिपण अधांतरी राहते. ‘दुसऱ्या’मधला र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिला जातो, डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधात एक सापडतो आणि दुसरा हुकतो. स्कॅनवरून यंत्राने ओळखलेल्या मजकुरात अनुस्वारही वारंवार गळतात, आणि ‘कां’वरचा अनुस्वार गेला की आमच्या विद्यार्थिनीची चूक सगळ्याच वाचकांच्या वाट्याला येते.

शिवाय टिपण कोणत्या संहितेवर आहे, हे कळलेच पाहिजे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केलेल्या ज्ञानेश्वरीच्या संहितेची परंपरा आणि इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १९०९ मध्ये छापलेली प्रत यांत पाठभेद, म्हणजे शब्दांचे फरक, आहेत. आंतरजालावर फिरणाऱ्या कित्येक प्रतींवर मात्र आवृत्तीचा उल्लेखही नसतो.

म्हणून सार्वजनिक पैशातून होणाऱ्या प्रत्येक डिजिटायझेशन प्रकल्पात माणसांनी तपासलेला युनिकोड मजकूर, आवृत्तीचे नाव आणि न बदलणारे ओवीक्रमांक यांची अट घालावी, आणि विद्यापीठांतून होणारी टिपणे सर्वांना पाहता येतील अशी सोय करावी, ही विनंती. तेराव्या अध्यायाचा मजकूर अक्षर न् अक्षर तपासून द्यायला आमचे विद्यार्थी आजही तयार आहेत.

– मराठीची एक प्राध्यापिका, सातारा