सुभाषनगरच्या मामांना, बुटाच्या घडीबद्दल

आदरणीय मामा,

सा. न. वि. वि.

गुलमर्गहून आणलेले अक्रोड द्यायला आले तेव्हा तुमच्याकडे लग्नसराईची गर्दी होती. तुम्ही कापशी चपलेला वाधी ओवत होता. "ठेव तिथं, निवांत बोलू," म्हणालात आणि निवांत काही तुम्हाला मिळालं नाही. म्हणून लिहितेय. सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितेय, कारण आमच्या ट्रेकच्या ग्रुपमधली पोरं हल्ली मला टेलिमार्क स्कीचे बूट कसे निवडायचे ते विचारतात, आणि माझ्याकडचं निम्मं उत्तर तुमचं आहे. नात वाचून दाखवेलच. परदेशी नावं अडली तर तिनं सरळ ओलांडून पुढं जावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. नेहमीच्या उतारावरच्या स्कीत बूट पुढून आणि मागून असा दोन्हीकडून पक्का जखडलेला असतो. टेलिमार्कमध्ये फक्त पुढून. टाच मोकळी. वळताना एक पाय पुढं सरकतो, मागचा गुडघा खाली जातो, मागची टाच उचलली जाते आणि अंगाचा चांगला निम्मा भार मागच्या पायाच्या चवड्यावर येतो. पुढच्या वळणाला पाय बदलायचे. म्हणजे हा बूट नुसता घट्ट असून भागत नाही, तो वाकावा लागतो, आणि तेही दिवसभर, भार घेऊन. त्यासाठी प्लास्टिकच्या बुटाला चवड्याच्या वर हार्मोनियमच्या भात्यासारख्या घड्या ठेवलेल्या असतात. सगळी गंमत त्या घड्यांत आहे, पण बूट विकणारे बोलतात ते बकलं किती, वजन किती आणि कडकपणा किती याबद्दल.

माझा आतेभाऊ नॉर्वेत असतो. दिवाळीला येताना त्यानं वापरलेले दोन जोड आणले होते. "एक ठेव, दुसरा मी परत नेतो," हा त्याचा हिशोब. दोन्ही २४.५ चे. स्की बुटाचा आकडा म्हणजे सरळ पावलाची लांबी, सेंटीमीटरमध्ये, त्यामुळे तिथं तरी घोळ नव्हता. बहुतेक बुटांत २४ आणि २४.५ ला बाहेरचं कवच एकच असतं, फरक आतल्या इनसोलचा, हेही मी वाचलं होतं. आतलं मऊ लायनर काढून नुसत्या कवचात पाय घालायचा, बोटं पुढं टेकवायची आणि टाचेमागं दीड-दोन सेंटीमीटर जागा राहते का बघायचं. दोन्ही जोड त्या परीक्षेत पास. एक जोड जुन्या ७५ मिलिमीटर पद्धतीचा, पुढं चपटी चोच निघालेला. दुसरा नव्या एनटीएन (न्यू टेलिमार्क नॉर्म) पद्धतीचा, चकचकीत, हलका. घरातल्या सगळ्यांचं मत चकचकीत जोडाला होतं, सासूबाईंचंसुद्धा. मी तुमच्याकडं आले होते ते फक्त आत घालायला इनसोल करून मागायला.

तुम्ही बूट हातात घेतलात, उलटा केलात, आत हात घालून चाचपलात. मग म्हणालात, "लांबी काय बघतीस? वाकतंय कुठं ते बघ की."

पुढचा प्रसंग मी ग्रुपमध्ये इतक्यांदा सांगितलाय की पोरांना पाठ झालाय. तुम्ही मला अनवाणी पुठ्ठ्यावर उभं केलंत, टाच भिंतीला लावून. पावलाभोवती पेन्सिल फिरवलीत. मग टाच उचलायला लावलीत, अर्धी, मग पूर्ण, आणि अंगठ्याच्या मुळाचा सांधा जिथं मोडतो तिथं बोट ठेवून एक खूण केलीत. करंगळीच्या बाजूला दुसरी. दोन्ही खुणा जोडल्यावर रेघ तिरकी आली, करंगळीकडं मागं सरकलेली. वर्तमानपत्राची पट्टी फाडून टाचेपासून त्या दोन्ही खुणांपर्यंत माप घेतलंत आणि पट्टीला नखानं दोन चुण्या पाडल्यात. टेप शेजारीच पडला होता, त्याला तुम्ही हात लावला नाहीत. तीच पट्टी लायनरच्या तळावर ठेवलीत, लायनर कवचाशेजारी धरलात आणि बाहेरच्या घड्या कुठं येतात ते मला दाखवलंत.

चकचकीत बुटाच्या घड्या माझ्या सांध्याच्या पुढं, थेट बोटांच्या पेरांवर येत होत्या. "ह्यो वाकला की घडी बोटावर बसणार. पयल्या दिवशी कळणार न्हाई. दुसऱ्या दिवशी तू बूट फेकून देशील." चोचवाल्या जुन्या बुटाच्या घड्या चुणीवर येत होत्या. अगदी तंतोतंत नव्हे, करंगळीकडं थोडा फरक होता, पण तुमचं म्हणणं की करंगळीचं आपण आतून बघू, अंगठ्याचा सांधा चुकला तर मात्र इलाज नाही.

पावलाची लांबी एकच असली तरी टाचेपासून सांध्यापर्यंतचं अंतर माणसागणिक वेगळं असतं. कुणाची बोटं लांब, कुणाचा मधला भाग लांब. माझी बोटं आखूड आहेत. साध्या स्की बुटाला याचं काही देणंघेणं नाही, कारण तो वाकतच नाही. टेलिमार्क बुटाला आहे. टेलिमार्क करणारे लोकही हे सांगतात, पण दहाव्या-बाराव्या मुद्द्यात, आधी कडकपणावर पाच पानं झाली की. तुम्ही पहिल्या वाक्यात सांगितलंत. म्हणून विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आता आधी पट्टी फाडायला सांगते. आणि दुकानात बूट घालून बघत असाल तर नुसते उभे राहू नका, मागचा गुडघा खाली नेऊन दहा-पंधरा मिनिटं तसेच वाकत राहा. दुकानदार बघत राहिला तर राहू दे.

बूट ठरला आणि बाइंडिंग, म्हणजे बुटाला स्कीवर धरून ठेवणारी पकड, आपोआप ठरलं. इथं निवड स्वतंत्र नसते, हे नवीन माणसाच्या लवकर लक्षात येत नाही. चोचवाला बूट फक्त ७५ मिलिमीटरच्या बाइंडिंगमध्ये बसतो. एनटीएन ही रोटेफेला या नॉर्वेच्या कंपनीनं २००७ मध्ये आणलेली पद्धत. तिच्यात चोच नसते, पायाच्या कमानीखाली बुटाला दुसरी एक छोटी टाच असते आणि बाइंडिंग तिथं पकड घेतं. तिसरा प्रकार आहे तो बुटाच्या पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंनी दोन खिळे बसणारा. तो वजनानं हलका आणि चढायला झकास, पण बुटात त्यासाठी धातूच्या खाचा असाव्या लागतात. माझ्या जुन्या जोडात त्या नाहीत. तेव्हा प्रश्नच मिटला.

७५ मध्येही अगदी जुन्या पद्धतीत चोचेखालच्या तीन भोकांत तीन खिळे बसायचे. माझ्या बाइंडिंगला खिळे नाहीत. चोच पुढच्या खोबणीत सरकते आणि स्प्रिंग असलेली तार टाचेमागच्या खाचेत अडकते. ही तार पायाखालून कुठून वळते यावर बाइंडिंगचा स्वभाव ठरतो. जितकी मागून, तितकी टाच उचलताना ओढ जास्त लागते आणि स्की चवड्याला जास्त चिकटून वागते. पुढून असेल तर मोकळं वाटतं, पण कडक बर्फावर मागची स्की भरकटते. मी मधलं घेतलं. एका गोष्टीवर मात्र अडून बसले: चढताना पुढचा भाग मोकळा फिरला पाहिजे, नाहीतर स्कीच्या तळाला न घसरणाऱ्या पट्ट्या (स्किन्स) लावून चढताना प्रत्येक पावलाला स्प्रिंगशी भांडत बसावं लागतं.

तोटेही सांगते, कारण पोरं फक्त फायदे ऐकतात. माझं बाइंडिंग पडल्यावर आपोआप सुटत नाही. ७५ मधली बहुतेक अशीच असतात. गुडघा पिरगळायची भीती आहेच, आणि हिमस्खलनात पायाला अडकलेली स्की माणसाला खाली ओढते, ही भीती त्याहून मोठी. त्याला ब्रेकही नाही, म्हणून स्कीला दोरी बांधून पायाला अडकवावी लागते. गुलमर्गच्या अफरवत डोंगराच्या वरच्या उघड्या उतारांवर ज्यांना जायचंय त्यांनी सुटणाऱ्या बाइंडिंगचा विचार करावा. त्यासाठी नवा बूट लागला तरी करावा, पण पट्टी लावूनच.

बाइंडिंग बसवायला तुम्ही मला उद्यमनगरात तुमच्या भाच्याकडं धाडलंत. त्यांनीही स्की पहिल्यांदाच बघितली होती, पण कागदी टेम्प्लेट बघून आधी भोकं पाडायला पत्र्याचं जिग, म्हणजे साचा, केलं आणि ड्रिलला नऊ मिलिमीटरवर कॉलर लावून घेतली. स्कीवर बारीक अक्षरांत ड्रिलचं माप छापलेलं असतं, ते त्यांनीच शोधून काढलं. आत धातूचा थर नसेल तर साधारण ३.६, असेल तर ४.१ मिलिमीटर. भोकात लाकडाचा गोंद, मग स्क्रू. हे स्क्रू नेहमीच्या चौफुली पेचकसाचे दिसतात, पण असतात पोझिड्राइव्हचे, तीन नंबरच्या. साध्या पेचकसानं आवळले की डोकं खराब होतं. तो पेचकस भाच्याच्या खणात तयार होता. कोल्हापुरात राहण्याचा हा एक फायदा.

इनसोलचं मात्र मला नवल वाटलं होतं. मला वाटलं तुम्ही चामड्याचा कराल, बाभूळ-हिरड्यात कमावलेल्या, आणि मी तो सगळ्यांना मिरवत दाखवीन. तुम्ही चामडं बाजूला सारलंत. "बंद बुटात घाम, वर बर्फ. कातडं पाणी धरून बसंल." घट्ट फोमच्या शीटचे दोन थर सोल्युशननं चिकटवून, कमानीखाली रापीनं उतरते तासून दिलेत. करंगळीचं आतून बघू म्हणाला होतात, तेही बघितलंत. लायनरचा फोम गरम केला की पायाचा आकार घेतो हे मी सांगितलं, तर तुम्ही जाड नमद्याचा तुकडा कापून करंगळीवर बांधायला दिलात, म्हणजे फोम बसताना तिथं जास्तीची जागा राहील. घरी मी सुती मोज्यात कोरडे तांदूळ भरून मायक्रोवेव्हमध्ये तापवले, मोजे लायनरमध्ये कोंबले, फोम मऊ झाल्यावर नमदा बांधून पाय घातला, बकलं लावली आणि थंड होईपर्यंत उभी राहिले. रेशनचा तांदूळ या कामाला बासमतीइतकाच चांगला.

त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं, प्लास्टिकच्या आधी हे लोक काय घालत होते? तेव्हा नीट सांगता आलं नाही, आता सांगते. चामडं! अगदी १९९० च्या दशकापर्यंत. १९९२ मध्ये स्कार्पा या इटलीच्या कंपनीनं टर्मिनेटर नावाचा प्लास्टिकचा टेलिमार्क बूट आणला आणि मग हळूहळू चामड्याचे मागं पडले. आणि त्याच्याही खूप आधी, नॉर्वेच्या टेलिमार्क भागात मोर्गेदाल गावी सोंद्रे नोरहाइम नावाचा एक गरीब कूळ होता, जन्म १८२५ चा. त्यानं झाडाच्या मुळ्या आणि फांद्या पिळून त्यांचा वेढा टाचेमागून घेतला, म्हणजे स्की पायाला धरून राहते आणि तरी टाच उचलता येते. १८६८ मध्ये आजच्या ओस्लोला जाऊन त्यानं शहरातल्या लोकांना वळून दाखवलं. माझ्या बाइंडिंगची तार टाचेमागं तेच काम करते. तुम्ही आरीनं वाधी ओवताना त्याची आठवण आली, म्हणून इतकं लांबण लावलं.

आणि गुलमर्गला काय झालं? कोंगदूरीच्या खालच्या उतारांवर पहिल्या दिवसापासून मागचा पाय मी बिनधास्त खाली नेऊ शकले. पडले भरपूर, पण बोटांवर घडी बसली नाही. सोबतच्या एकाचा बूट नवा, महागडा, नामांकित. तो संध्याकाळी खोलीवर गरम पाण्याच्या बादलीत पाय घालून बसायचा, अंगठ्याच्या वरच्या पेरावर दोन्हीकडं लाल वळ. मी त्याची पट्टी काढली. बूट त्याला लांबीला बरोबर होता.

मामा, तुमच्या घराण्यानं किती पिढ्या लोकांचे पाय बघितलेत ते तुम्हालाच ठाऊक. तुम्ही मला दिलेल्या तासाभराचे पैसे घेतले नाहीत, फक्त शीटचे घेतलेत, तेही मी हट्ट केला म्हणून. तुमचे मनापासून आभार. भाच्यांनाही माझा निरोप सांगा: एकही स्क्रू हललेला नाही.

डाव्या इनसोलची पुढची कड मात्र सुटायला लागलीय, बहुधा थंडीनं सोल्युशननं दगा दिला. पुढच्या आठवड्यात घेऊन येते. सोबत ग्रुपमधले दोघं असतील, त्यांनाही पट्टी लावून घ्यायचीय. या वेळी तिघांचीही मजुरी घ्यायची, नाहीतर आम्ही दारातूनच परत जाऊ.

तुमची,
चोचवाल्या बुटाची गिऱ्हाईक