घाटमाथ्यावरचे बेपत्ता आणि घाटाखालचे बेवारस

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर खालच्या कोपऱ्यात पोलिसांकडून आलेले ‘बेपत्ता’ असे निवेदन अधूनमधून छापून येते. टपाल तिकिटाएवढे छायाचित्र, वय, अंगावरचे कपडे आणि ठाण्याचा दूरध्वनी क्रमांक, एवढाच त्यातला मजकूर असतो. माझ्या सख्ख्या चुलत्यांचे निवेदन सहा पावसाळ्यांपूर्वी असेच प्रसिद्ध झाले होते. लग्नातल्या घोळक्याच्या फोटोतून कापून काढलेला तो चेहरा मला स्वतःलाही नीट ओळखू येत नव्हता. चुलत्यांचा आजतागायत पत्ता नाही, आणि ज्या पद्धतीने त्यांचा शोध घेतला गेला तीच पद्धत चालू राहिली तर यापुढेही लागेल असे मला वाटत नाही.

आमचे मूळ गाव पुणे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, ऐन घाटमाथ्यावर आहे. आषाढात लावणी आटोपत आली असताना, दुपारच्या वेळी, रानात गेलेली म्हैस पाहून येतो असे सांगून चुलते काठी आणि इरले घेऊन बाहेर पडले. म्हैस दिवेलागणीला आपली आपण गोठ्यात आली, चुलते आले नाहीत. दुसऱ्या दिवशी कड्याच्या अलीकडच्या सड्यावर त्यांचे इरले सापडले, तेही वाऱ्याने उडून जाऊ नये म्हणून कडेला दोन दगड ठेवून नीट दाबलेले. भर पावसात माणूस डोक्यावरचे इरले उतरवून दगडाखाली का ठेवील? हातपाय मोकळे करून खाली कशासाठी तरी उतरायचे असेल, कोणी हाक मारली असेल, किंवा दुसऱ्याच कोणी ते तिथे ठेवले असेल. आमच्या घरात या तीन शक्यतांवर आजवर जेवढी चर्चा झाली आहे, तेवढी तपासाच्या कागदात कुठेही दिसत नाही. त्या कागदात इरल्याचा उल्लेखच नाही.

तक्रार द्यायला गेलो तेव्हा ‘चोवीस तास वाट पाहा’ असे सांगण्यात आले. असा कोणताही नियम नाही, हे मला पुष्कळ उशिरा समजले. ‘रंग सावळा, बांधा सडपातळ, अंगात पांढरा सदरा, पायांत चप्पल नाही’ असे वर्णन लिहून घेतले गेले. लावणीच्या दिवसांत हे वर्णन आमच्या भागातल्या निम्म्या पुरुषांना लागू पडेल. डाव्या हाताची करंगळी कोयत्याने अर्धी तुटलेली आहे, ही एकमेव उपयोगी खूण चुलतीने तिसऱ्या खेपेला हट्टाने सांगितली, तेव्हा ती समासात लिहिली गेली. संबंधित हवालदारांवर माझा राग नाही. दोन-तीन माणसांच्या बळावर डोंगरातल्या वाड्यावस्त्या सांभाळणाऱ्या माणसाकडून किती अपेक्षा करायची, यालाही मर्यादा आहे.

अडचण मुळात व्यवस्थेची आहे. अठरा वर्षांखालील मूल हरवले तर सर्वोच्च न्यायालयाच्या १० मे २०१३ च्या आदेशानुसार अपहरण गृहीत धरून गुन्हा नोंदवावा लागतो, आणि गुन्हा म्हटला की तपास आलाच. प्रौढ माणसाच्या बाबतीत मात्र नुसती ‘मिसिंग’ची नोंद होते, आणि घातपाताचा संशय ठळकपणे पुढे आला नाही तर प्रकरण तेवढ्यावरच पडून राहते. दरम्यान पुरावा नाहीसा होत असतो. चुलत्यांच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला साधा मोबाईल होता. कड्यावर गेले की आमच्याकडचे फोन बहुतेक वेळा खालच्या, कोकणातल्या टॉवरला लागतात, त्यामुळे शेवटचा टॉवर कोणता हे कळणे फार मोलाचे होते. मोबाईल कंपन्यांना कॉलचा तपशील पूर्वी एकच वर्ष जपून ठेवावा लागे. डिसेंबर २०२१ पासून ही मुदत किमान दोन वर्षे झाली आहे. आमचे अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरेपर्यंत त्यांच्या वेळची मुदत संपून गेली होती.

या पत्राचा खरा विषय यापुढचा आहे. घाटमाथ्याच्या पूर्वेला पडलेले पाणी मुळा, मुठा, नीरा अशा नद्यांतून भीमेला मिळते, आणि पश्चिमेला पडलेले सावित्री-कुंडलिकेतून समुद्राकडे जाते. मावळ, मुळशी, राजगड (पूर्वीचा वेल्हे) आणि भोर या तालुक्यांची हद्दही त्याच कड्यावर संपते आणि खाली रायगड जिल्हा सुरू होतो. त्यामुळे वर हरवलेला माणूस एका जिल्ह्याच्या ‘मिसिंग’ रजिस्टरात राहतो, आणि तो खाली ओढ्यात सापडलाच तर दुसऱ्या जिल्ह्याच्या ‘अकस्मात मृत्यू’च्या रजिस्टरात अनोळखी म्हणून जातो. चुलते गेल्यानंतर दोन वर्षांनी घाटाखालच्या एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या गृहस्थांनी सहज सांगितले, की त्याच पावसाळ्यात त्यांच्या गावच्या ओढ्यात एका अनोळखी पुरुषाचा मृतदेह आला होता. तो चुलत्यांचाच होता असे मी म्हणत नाही. पण करंगळीचे काय, हे विचारायला गेलो तेव्हा अंत्यविधी कधीच उरकला होता आणि पंचनाम्यात बोटांविषयी एक अक्षर नव्हते. सरळ रेषेत जेमतेम चार-पाच किलोमीटरवरची ही बातमी आमच्यापर्यंत पंगतीतून पोहोचली, संगणकावरून नाही. पोलीस ठाणी संगणकाने जोडलेली आहेत हे मी जाणतो, पण त्यात ‘सदरा पांढरा’ एवढेच भरले असेल तर संगणक तरी काय जुळवणार?

बेपत्ता व्यक्तींचे नातेवाईक आणि अनोळखी मृतदेह यांच्या डीएनए नमुन्यांच्या स्वतंत्र सूची असाव्यात, अशी तरतूद २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या डीएनए तंत्रज्ञान विधेयकात होती. ते विधेयक जुलै २०२३ मध्ये मागे घेण्यात आले. खासगीपणाविषयीचे त्यावरचे आक्षेप मला पटतात, परंतु नातेवाईक स्वतःहून नमुना देत असतील तर तेवढ्यापुरती सोय करायला काय हरकत आहे? तोपर्यंत पुणे ग्रामीण आणि रायगड पोलिसांनी निदान जून ते ऑक्टोबर या काळात दर महिन्याला एकदा ही दोन रजिस्टरे समोरासमोर ठेवावीत, आणि कड्याच्या वरच्या व खालच्या गावांच्या पोलीस पाटलांना त्या दिवशी बोलवावे. शरीरावरची खूण, मोडलेले हाड, पडलेला दात यांची माहिती पाटलांना असते, ठाण्याला नसते. याला नवा कायदा लागत नाही आणि निधीही लागत नाही.

शनिवार-रविवारी पुण्याहून आलेला पर्यटक दरीत पडला तर लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक दोर बांधून खाली उतरतात, आणि त्यांच्याविषयी मला आदरच आहे. त्यांना वेळेवर फोन करायचा असतो हे आमच्या गावात तेव्हा कोणाला माहीत नव्हते, हेही प्रांजळपणे सांगायला हवे.

सात वर्षे ठावठिकाणा नसेल तर कायदा माणसाला मृत मानू देतो, त्यासाठीही दिवाणी न्यायालयात जावे लागते. तोवर सातबाऱ्यावर वारसनोंद होत नाही आणि चुलतीला ना कुंकू पुसता येत ना लावताना हात स्थिर राहत. पुढच्या आषाढात ती मुदत पुरी होईल. चुलतभाऊ आपल्या रक्ताचा नमुना आजही द्यायला तयार आहे. तो कोणत्या कार्यालयात द्यायचा, हे आपल्या दैनिकाद्वारे कोणी अधिकाऱ्याने सांगितले तर आम्ही त्याच दिवशी येऊ.

आपला,
एक वाचक, धायरी, पुणे