नॅशविलचा पाथरवट

ती. आप्पा आणि आईस सा. नमस्कार,

आप्पा, परवा तुम्ही विचारलंत ना, की तुझ्या त्या गाण्याबजावण्याच्या गावात, अमेरिकेतल्या नॅशविलमध्ये, बघण्यासारखं अजून काही आहे का नाही. फोनवर सांगायला लागलो असतो तर आईने मधेच "जेवलास का" विचारून विषय संपवला असता, म्हणून सावकाश लिहितोय. विल्यम एडमंडसन नावाचा एक पाथरवट इथे होऊन गेला, 1951 ला वारला, आणि मला विचाराल तर इथल्या सगळ्या कंट्री म्युझिकवाल्यांपेक्षा हा माणूस भारी.

आई-वडील आधी गुलाम होते, शेतमळ्यावरचे. ह्याचा जन्म 1874 च्या आसपासचा, नक्की तारीख कुणालाच माहीत नाही कारण घरच्या बायबलमध्ये लिहून ठेवलेली होती म्हणे आणि ते बायबलच आगीत गेलं. आधी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये नोकरी, तिथे दुखापत झाली, मग बायकांच्या हॉस्पिटलात झाडलोट आणि पडेल ते काम, 1931 च्या सुमारास तेही सुटलं, मंदीचे दिवस. आणि मग पन्नाशी कधीच उलटून गेलेली असताना ह्याला दृष्टांत झाला की हत्यार उचल आणि थडग्याचे दगड घडव. शाळा नाही, गुरू नाही, काही नाही. रेल्वेच्या रुळांचे मोठे खिळे असतात ना, त्यांच्या छिन्न्या केल्या आणि घराशेजारच्या अंगणात बसला ठोकत. दगड कुठला तर पाडलेल्या इमारतींचा, रस्त्याच्या कडेचा, इथला चुनखडीचा दगड. बाहेर पाटी लावली, थडग्याचे दगड विकायला आहेत, बागेतल्या वस्तू पण मिळतील. गिऱ्हाईक म्हणजे आसपासची काळी माणसं, चर्चची मंडळी.

चीकवूड म्हणून एक मोठा वाडा आहे इथे, कॉफीच्या धंद्यात पैसा केलेल्या कुटुंबाचा, आता तिथे म्युझियम आणि बाग आहे, त्यांच्याकडे एडमंडसनचं बरंच काम आहे. गंमत बघा, हा वाडापण चुनखडीच्याच दगडाचा आणि तो बांधून झाला 1932 मध्ये, म्हणजे इकडे त्या दगडाचे महाल चाललेले आणि तिकडे हा तसल्याच दगडाचे टाकून दिलेले तुकडे गोळा करतोय. तिथे त्याचं 'बेस आणि जो' नावाचं शिल्प आहे, नवरा-बायको शेजारी शेजारी बसलेत, बास, एवढंच. हात अंगाला चिकटलेले, कारण दगड आरपार पोखरायच्या भानगडीत तो फार पडायचाच नाही. जवळ जाऊन पाहिलं तर पाट्याला टाकी लावल्यावर दिसतात तसे छिन्नीचे घाव सगळीकडे दिसतात, आणि तरी ती दोघं आत्ता उठून बोलतील असं वाटतं. देवदूत, धर्मोपदेशक, नर्स, मेंढे, बॉक्सर, असं काय काय केलंय त्याने.

मग लुईस डाल-वुल्फ नावाच्या फोटोग्राफर बाईंनी त्याचे फोटो काढले. ज्या मासिकासाठी त्या काम करायच्या त्यांनी ते छापले नाहीत, मालकाचं धोरण असं की काळा माणूस नोकराच्या वेषात असेल तरच छापायचा! पण ते फोटो न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियमपर्यंत पोचले आणि 1937 ला तिथे ह्याच्या 12 कामांचं प्रदर्शन झालं. त्या म्युझियममध्ये एकट्याचं प्रदर्शन झालेला हा पहिला काळा कलाकार. पुढच्या वर्षी पॅरिसलाही काम गेलं. आणि हा इथेच, त्याच अंगणात. लोक सांगताना "न्यूयॉर्कने शोधून काढला" असं सांगतात त्याचा मला राग येतो, अरे ज्यांच्या आई-बापाच्या थडग्यावर त्याचे दगड उभे होते त्यांना तो सापडलेलाच होता की. 2016 ला त्याचं एक बॉक्सरचं शिल्प लिलावात 7,85,000 डॉलरला गेलं, आणि स्वतः एडमंडसन माऊंट अरारात स्मशानात नेमका कुठे पुरलाय तेच माहीत नाही, त्याच्यावर दगड नाही. दुसऱ्यांसाठी एवढे दगड घडवले त्याने!

घर तर केव्हाच पाडलं, नंतर तिथे शाळा झाली, तीही बंद पडली. डाऊनटाऊनच्या बाजूला त्याच्या नावाचा एक पार्क केलाय, ठीक आहे, पण खरी जागा एजहिल वस्तीतली. नॅशविलमध्ये जमिनीचे भाव काय झालेत ते तुम्हाला मी सांगतच असतो, तर सरकारने ती जागा विकायला काढली होती. एजहिलचे लोक बोलले, भांडले, विक्री थांबवली, आणि आता तिथे त्याच्या नावाची बाग आहे. माझ्या मते त्याची आठवण म्युझियमपेक्षा ह्या लोकांनी जास्त राखली. बघायला तसं काही नाही हो तिथे, गवत, झाडं, एक माहितीची पाटी, पण मला चीकवूडपेक्षा तिथेच जास्त वेळ थांबावंसं वाटलं.

तुम्ही मे महिन्यात येताय तर दोन्हीकडे जाऊ. चीकवूडला चालायचं भरपूर आहे आणि चढ-उतार आहे, त्यामुळे आप्पा, गुडघ्याचा पट्टा बॅगेत टाका, गेल्या वेळेसारखा कपाटात ठेवून येऊ नका. आई, लोणचं आणू नकोस म्हणत नाही, पण यावेळी बरणी डबल पिशवीत घाल.

तुमचा,
धाकटा