शुगरच्या तपासणीबद्दल थोडंसं

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेली पावती पाहिली. उपाशीपोटीची शुगर, जेवणानंतरची शुगर, मागच्या काही महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी एचबीएवनसी आणि वर रजिस्ट्रेशनचे पैसे. "मोठं हॉस्पिटल आहे, मशिनं चांगली असतात," असं तुम्ही म्हणालात, म्हणून मी साताऱ्यात फोन करून दर विचारले. एचबीएवनसीला कुठे ४०० रुपये, कुठे ५५०. तुमच्याकडून घेतले ८००. साधी शुगर तर पेठेतल्या लॅबमध्ये ७० रुपयांत होते.

स्वस्त म्हणजे कच्चं काम, असं धरून चालू नका. बघायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत. लॅबला एनएबीएलची (लॅबचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेची) मान्यता आहे का, एचबीएवनसी एचपीएलसी पद्धतीने, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन मशिनवर वेगवेगळं करून मोजतात का, हे विचारायचं. शुगरसाठी रक्त घेताना नळीचं झाकण राखाडी आहे ना, तेही बघा. त्या नळीत फ्लोराइड असतं. ते नसेल आणि नमुना तसाच पडून राहिला, तर रक्तपेशीच त्यातली साखर खात बसतात आणि आकडा खोटा कमी येतो. आणि एकदा लॅब ठरली की दरवेळी तिथेच जायचं, म्हणजे मागच्या आकड्याशी ताडून बघता येतं.

तपासणीच्या आधी दोन दिवस तुम्ही गोडाला हात लावत नाही, हे आईने मला सांगितलंय! त्याने उपाशीपोटीचा आकडा सुधारेल, पण एचबीएवनसीत मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब निघतो. त्याला उपाशी राहायचीही गरज नाही. जेवणानंतरच्या शुगरचे दोन तास मात्र पहिल्या घासापासून मोजायचे. उपाशीपोटी म्हणजे किमान आठ तास. पाणी चालतं, बिनसाखरेचा चहासुद्धा चालत नाही.

आई, तुझं हिमोग्लोबिन कमी आहे, त्यामुळे तुझा एचबीएवनसीचा आकडा फसवा येऊ शकतो. डॉक्टरांना हिमोग्लोबिनचा रिपोर्टही दाखव. आणि '९९९ मध्ये ७० तपासण्या' असे फोन आले तर सरळ ठेवून दे. त्यातल्या बहुतेक डॉक्टरांनी मागितलेल्याच नसतात.

सिव्हिलचंही मनावर घ्या. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. रांग असते, मान्य. पण बाबा, बँकेतल्या रांगेत तुम्ही तासभर गप्पा मारता, तेव्हा कुठे पाय दुखतात? एचबीएवनसी तिथे कोणत्या दिवशी होते, तेवढं आधी विचारून घ्या.

वाचलेल्या पैशांतून घरच्या शुगर बघायच्या मशिनच्या पट्ट्या आणा. डबीवरची मुदत बघून घ्या आणि झाकण घट्ट लावत जा, दमट हवेने पट्ट्या खराब होतात. पावत्या फेकू नका. मी इन्कम टॅक्सचं रिटर्न जुन्या पद्धतीने भरते, त्यात आई-वडिलांच्या तपासणीचा खर्च दाखवता येतो.

पुढची एचबीएवनसी दिवाळीनंतर. फराळाआधी उरकायचा बेत मला चालणार नाही.

तुमची,
मनू