लक्ष्मीपूजनाला मी कुठे होते, त्याबद्दल

बिल्बाओ,
१० नोव्हेंबर २०२४

ती. बाबा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र खरं बाबांना आहे. फोनवर त्यांच्या वाट्याला "बरी आहेस ना? घे, आईशी बोल" एवढंच येतं. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे अजून त्यांना वाचायचं नाही, म्हणजे आई, तूच मोठ्यानं वाचणार. तेव्हा दोघांनाच लिहिते. मधले परिच्छेद गाळू नकोस.

मी बरी आहे. जेवते. थंडी आहे, पण स्वेटर घालते.

आता फोटोंचं. रजा नाही म्हणून दिवाळीला आली नाही आणि पाठीला पिशवी लावून रानोमाळ हिंडतेय, असं तू म्हणाली नाहीस. तू नुसतं "छान आहेत फोटो" म्हणालीस. ते मला जास्त लागलं. म्हणून हिशेब देते. १ नोव्हेंबरला इथे स्पेनमध्ये सगळ्या संतांचा दिवस म्हणून देशभर सुट्टी असते. यंदा तो शुक्रवारी आला, पुढे शनिवार-रविवार. म्हणजे माझी एकही रजा खर्ची पडली नाही. तीन दिवसांत अलिबागला येऊन परत जायचं म्हटलं तर तुमच्या हातचा एक चहा पिऊन उठावं लागलं असतं. आणि खोलीत एकटीनं बसून ग्रुपवर तुमच्या पणत्या बघत राहायचं, ते मागच्या वर्षी करून झालं होतं.

गुरुवारी काम संपल्यावर आम्ही चौघं बसनं लोग्रोन्योला गेलो. दोन तासांचा रस्ता. चौघं म्हणजे लॅबमधला तो इथलाच बास्क सहकारी, त्याची बायको, एक पोर्तुगीज मुलगी आणि मी. (आत्यानं विचारलं तर हेच सांग. बायको सोबत होती हे विसरू नकोस.) लोग्रोन्यो ही ला रिओहाची राजधानी, एब्रो नदीच्या काठी. हा सगळा वाइनचा मुलूख.

तिथे काये देल लाउरेल म्हणून एक अरुंद गल्ली आहे, आणि तिथली रीत मला अजून नीट पचलेली नाही. साडेनऊ वाजले होते. मला वाटलं, जेवायला चाललोय. तर आधी सहकाऱ्याच्या बायकोनं प्रत्येकाकडून वीस-वीस युरो गोळा केले आणि एका छोट्या पाकिटात घातले. याला 'बोते' म्हणतात. आपली वर्गणी म्हणा. त्यानंतर रात्रभर कुणी खिशात हात घालायचा नाही. मग पहिल्या दुकानात शिरायचं. बसायचं नाही. तिथे फक्त मशरूम मिळतात, दुसरं काही नाही. एकावर एक रचलेले तीन मशरूम, खाली पावाचा तुकडा, वर एक कोलंबी. ते उभ्याउभ्या खायचं, पेला संपवायचा, आणि बाहेर. पुढच्या दुकानात फक्त तिखट बटाटे. त्याच्या पुढच्यात आणखी काही. कागदी रुमाल सरळ जमिनीवर टाकतात. जितका कचरा जास्त तितकं दुकान चांगलं, असं मला सांगितलं! मी "पण जेवायचं कधी?" असं दोनदा विचारलं, तेव्हा कळलं की आपण मघापासून जेवतोच आहोत. पाकीट रिकामं झालं की परत दहा-दहा युरो. मी सगळीकडे द्राक्षाचा रस घेतला, त्याला 'मोस्तो' म्हणतात, तरी वर्गणी सगळ्यांइतकीच. बाबा म्हणतील हा अन्याय आहे. मलाही वाटला. पण "मी देतो, मी देतो" म्हणत बिलाची ओढाताण नाही, हे बघून नंतर बरं वाटलं. दादा आणि काकांनी शिकण्यासारखं आहे. आणि हो, गुरुवार होता हे माझ्या लक्षात होतं. कोलंबी मी सहकाऱ्याला दिली.

फोटोतल्या पेल्यातलं लाल पेय मात्र रस नाही. तो दुसऱ्या दिवशीचा फोटो आहे. एक पेला, जेवणाबरोबर. तेराव्या शतकात इथे बेर्सेओ नावाचा कवी होऊन गेला. त्यानं आपल्या कवितेचं मोल म्हणून एक पेला चांगली वाइन मागितली आहे, आणि तो मठाच्या सावलीत वाढलेला माणूस. एवढंच सांगते.

शुक्रवारी चालायला लागलो. सान्तियागो या ख्रिस्ती तीर्थाच्या यात्रेची वाट लोग्रोन्योमधून पश्चिमेला जाते. हजार वर्षांपासून लोक चालताहेत. एकटीनं चुकायची भीती नाही. दर वळणावर दगडावर, भिंतीवर, विजेच्या खांबावर पिवळा बाण असतो, नाहीतर शिंपला. ग्राखेराच्या तळ्यापुढे मोटाररस्त्याच्या कडेनं तारेची जाळी आहे. येणाऱ्याजाणाऱ्यांनी तिच्यात काटक्यांचे क्रूस अडकवलेत, शेकड्यांनी. बाबा, वारीसारखी ही वाट नाही. टाळ नाही, दिंडी नाही, बहुतेक लोक आपापले गप्प चालतात. पण समोरून येणारा प्रत्येक जण "बुएन कामिनो" म्हणतो, म्हणजे वाट चांगली जावो. दहाव्यांदा ऐकल्यावर माझ्या तोंडून "माउली" निघालं. त्या म्हाताऱ्यानं हसून हात वर केला.

द्राक्षाचे मळे आपल्या नाशिकसारखे मांडवावरचे नाहीत. जुन्या वेली गुडघ्याएवढ्या, आधाराशिवाय एकेकट्या उभ्या, बुंधा पिळवटलेला. तोडणी झालेली होती, पानं तांबडी-पिवळी. इथली वाइन मोठी झाली ती फ्रान्समधल्या मळ्यांना फिलोक्सेरा किडीनं खाल्लं म्हणून. १८६० नंतर तिकडचे व्यापारी डोंगर ओलांडून इकडे माल घ्यायला आले. मग १९०० च्या सुमारास कीडही आलीच.

आता एक कबुली. निघताना लोग्रोन्योत फुलांच्या बादल्या मांडलेल्या दिसल्या. सगळी शेवंती! पिवळी, पांढरी, जांभळी. मी म्हटलं, लक्ष्मीपूजनाला आपसूक सोय झाली. जुडी घेतली आणि पिशवीला बांधून तेरा किलोमीटर नेली. नावार्रेतेला पोचल्यावर गावाबाहेरची स्मशानाची कमान बघायला गेलो. यात्रेकरूंसाठीच्या जुन्या इस्पितळाचा दरवाजा आहे तो. इस्पितळ पडलं, दरवाजा उचलून इकडे बसवला. आत सगळं गाव जमलेलं, आणि प्रत्येकाच्या हातात शेवंती. तेव्हा सहकाऱ्यानं हळूच सांगितलं की आज सगळे आपापल्या माणसांच्या थडग्यांवर हीच फुलं वाहतात. मी मग काय करणार? एका कोपऱ्यातल्या थडग्यावर काहीच नव्हतं, तिथे जुडी ठेवली. लक्ष्मीपुढे रात्री मोबाइलवर तुमच्याच पूजेचा फोटो लावून साखर आणि द्राक्षं ठेवली. आजीला फुलांचं सांगू नका.

दुसऱ्या दिवशी सतरा किलोमीटर नाहेरापर्यंत. पायाला फोड आला होता, आता बरा आहे, औषध नको सांगूस. नाहेराला राजा गार्सियानं १०५२ मध्ये बांधवलेला मठ आहे. ससाण्यानं तित्तिराचा पाठलाग केला, राजा मागोमाग गुहेत शिरला, तर आत मरियमची मूर्ती आणि पुढे दिवा! ती गुहा मठाच्या पोटात अजून आहे.

आजीसाठी मात्र सान्तो दोमिंगो दे ला काल्सादा. तिथल्या चर्चमध्ये भिंतीत एक जाळीचं खुराडं आहे आणि त्यात जिवंत पांढरा कोंबडा आणि कोंबडी. कथा अशी, की आईबापांबरोबर यात्रेला निघालेल्या एका मुलावर चोरीचा खोटा आळ आला आणि त्याला फाशी दिली. आईबाप यात्रा करून परतले तर पोरगा फासावर जिवंत. ते न्यायाधीशाकडे धावले. तो जेवत होता. म्हणाला, तुमचा मुलगा ताटातल्या या भाजलेल्या कोंबडीइतकाच जिवंत असेल! तर कोंबडी ताटातून उठून आरवली. आम्ही होतो तेवढ्या वेळात कोंबडा काही आरवला नाही. आजी "तुझ्या पायगुणानं" म्हणेल.

बाबा, आता तुमचं. सान मिल्यानला दोन मठ आहेत, डोंगरावर सुसो आणि खाली युसो. त्या शब्दांचा अर्थच वरचा आणि खालचा. दहाव्या-अकराव्या शतकात इथे कुणा भिक्षूनं लॅटिन पोथीच्या समासात आणि ओळींच्या मधे अवघड शब्दांचे अर्थ लिहून ठेवले, लोकांच्या बोलीत. तुमच्या वर्गातली पोरं धड्यावर पेन्सिलीनं अर्थ लिहायची तसे. स्पॅनिश लिहिलेली दिसते ती इथून, असं शाळेत शिकवतात. त्यातल्या दोन नोंदी बास्क भाषेत आहेत, त्यावरून सहकारी दिवसभर छाती काढून फिरत होता. पोथी माद्रिदला, इथे प्रत. आता बुर्गोसकडचे लोक म्हणतात आमची कागदपत्रं आधीची. मला आपला अक्षीचा शिलालेख आठवला, मराठीतला पहिला म्हणतात तो. शके ९३४. तुम्ही आम्हाला सायकलवर बसवून न्यायचात आणि दगडावर बोट फिरवून वाचायला लावायचात, आणि तोच मान सांगणाऱ्या श्रवणबेळगोळच्या लेखाचं नाव काढलं की चिडायचात. दोन्ही अक्षरं जवळपास एकाच काळातली. तिथल्या बाईंना मी हे माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं. त्यांनी अक्षी हा शब्द वहीत लिहून घेतला. आणि युसोत गाण्याच्या प्रचंड पोथ्यांच्या कपाटाला खाली मांजरासाठी भोक ठेवलंय, उंदीर धरायला.

पैशांचं. कौलं बदलायला दीड लाख पंधरा तारखेपर्यंत खात्यात येतील. सुतार जास्त म्हणाला तर थांबवू नका, कळवा. पावसाळ्यात पडवीत बादल्या लावल्या होत्या हे मला दादानं सांगितलं, तुम्ही नाही.

आणि आत्यानं आणलेलं पुण्याचं स्थळ. आम्ही दोनदा बोललो. मुलगा सरळ आहे, माझं काही म्हणणं नाही. पण आत्यानं त्यांना सांगितलंय की माझं इथलं काम मार्चमध्ये संपतं. ते संपत नाही. दोन वर्षं वाढलंय आणि मी सही केली आहे, दिवाळीच्या आठवडाभर आधी. त्यानंतर तीनदा फोनवर बोलले आणि तिन्ही वेळा फराळाचं विचारलं. आत्याला सांगा, त्यांना थांबवून ठेवू नका. मी सांगितलं असतं, पण ती रडते. दीड लाख याची भरपाई म्हणून पाठवतेय असं समजू नका. कौलांचं आधीच ठरलं होतं.

मे महिन्यात तीन आठवडे येते. अर्ज दिलाय. भाऊबीज तेव्हा करू, दादाला सांग ओवाळणी राखून ठेव.

फराळ कुरिअरनं पाठवू नकोस, डब्यापेक्षा भाडं जास्त होतं. पाठवलासच तर चकली वेगळी बांध. मागच्या वेळी सगळा चुरा आला होता. तो मी आठवडाभर भातावर घालून खाल्ला.

तुमची,
धाकटी