दोस्ता, या उन्हाळ्यात हे वाच

प्रिय दोस्ता,

परवा फोनवर तू म्हणालास की रात्री दोन-दोन तास मोबाईल सरकवत बसतो आणि सकाळी काय पाहिलं ते आठवत नाही, मग म्हणालास पुस्तकांची नावं सांग बे, सुट्टीत वाचतो. तेव्हा मी वावरात होतो, वखर चालू होता, नीट बोलता आलं नाही. आणि नुसती नावं मेसेजमध्ये टाकली असती तर तू अंगठा पाठवला असतास आणि विषय तिथंच संपला असता, म्हणून हे पत्र लिहून राहिलो.

इकडे अकरा वाजले की गल्लीत चिटपाखरू दिसत नाही. सकाळी वावर, मग घरी, आई कुरड्या-पापडाच्या मागं, मी कुलरसमोर, आणि लाइन गेली की कडुलिंबाखाली बाज टाकतो. वर्षभरात वाचायला मला हेच दोन महिने भेटतात, एकदा मृगाचा पाऊस पडला की पेरणी, मग पुस्तक हातात येतच नाही.

सगळ्यात आधी धग वाच. उद्धव शेळक्यांची, १९६० ची कादंबरी. तू म्हणशील जुनी आहे, अरे पण आपल्या वऱ्हाडी बोलीत आहे! माणसं मले-तुले करत बोलतात. शाळेत आपण असं बोललो की लगेच सुधरवायचे, आठवतं ना, आणि आपल्याला वाटायचं आपली बोली पुस्तकात यायच्या लायकीचीच नाही. मी बी.ए.ला असताना हे पुस्तक उघडलं आणि वीस-पंचवीस पानांवर मिटून उठलो, कारण त्यातली कौतिक बोलली की मला माझ्या आजीचा आवाज यायचा आणि आजी जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. कौतिकचा नवरा महादेव शिंपी, घर सावरायचं त्याच्यानं होत नाही, पुढं त्याला महारोग होतो, आणि ही बाई एकटी संसार ओढत राहते. लेखक कुठं थांबून तिची कीव करत नाही, घरात दाणा आहे का, पोरांचं कसं व्हायचं, एवढंच पानोपानी चालू राहतं आणि तेच छातीवर बसतं. शेवट सांगत नाही. एकच ऐक, मनात वाचू नको, मोठ्यानं वाच. मी मागच्या उन्हाळ्यात आईला वाचून दाखवलं, ती वाळवण उलटवत ऐकत होती, मध्येच म्हणाली, "हे बाई आपल्याच गावची व्हय का रे?" मी पुढचं पान वाचूच शकलो नाही थोडा वेळ.

दुसरं एक होता कार्व्हर, वीणा गवाणकरांचं, १९८१ मध्ये आलं. आपण आठवीत असताना तू हे लायब्ररीतून आणलं होतंस पण तेव्हा आपण ते 'गरीब पोरगा मोठा झाला' म्हणून वाचलं. आता वावर कसणारा माणूस म्हणून वाचलं तर पुस्तक वेगळंच निघालं. गुलामीत जन्मलेलं पोरगं, घोड्याच्या बदल्यात परत मिळवलेलं, ते शिकून १८९६ मध्ये अमेरिकेतल्या टस्किगीच्या शाळेत शिकवायला गेलं आणि तिथं समोर काय, तर कापूस! वर्षानुवर्षं कापसावर कापूस घेऊन दमलेली जमीन, कर्जात बसलेला कास्तकार. कार्व्हर सांगायचा कापूस थांबवा, शेंगा लावा, भुईमूग लावा, त्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात. लोकांना शाळेत येणं जमत नव्हतं तर १९०६ मध्ये गाडीवर अवजारं अन् बियाणं लादून शाळाच त्यांच्या गावात न्यायची सोय केली. वाचताना मला आपल्या पांदणीच्या दोन्ही बाजूची कापसाची पऱ्हाटी दिसून राहिली होती. माझे आजोबा पऱ्हाटीत तुरीचे तास सोडायचे, का सोडायचे ते मला या पुस्तकानं समजावलं. गेल्या हंगामात मीही मध्ये तुरीचे तास वाढवले. तुझ्या पोरीला हे दे, पण आधी तू वाच.

पोरीसाठी अजून एक, पाडस. राम पटवर्धनांनी केलेला अनुवाद, मूळ पुस्तक अमेरिकेतलं, १९३९ मध्ये पुलित्झर मिळालेलं. जंगलाच्या कडेला राहणारं कुटुंब, पोराचा जीव हरणाच्या पाडसावर, पाडस मोठं होतं आणि मग उभं पीक खाऊ लागतं. तिकडे तुझ्या पुण्यात ही गोष्ट फक्त गोड वाटंल. इथं रात्रभर रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरांसाठी जागल करून आलेल्या माणसाला त्या बापाचंही खरं वाटतं आणि पोराचंही, दोघांपैकी कोणाला चूक म्हणावं समजत नाही. मराठी इतकं सरळ आहे की अनुवाद आहे हे विसरायला होतं.

व्यंकटेश माडगूळकरांचं सत्तांतर छोटं आहे, वानरांच्या टोळीवर, एका दुपारी होतं. बसमध्ये वाच.

आणि मारुती चितमपल्लींचं चकवाचांदण मात्र घाईत वाचू नको. जाडजूड आत्मचरित्र आहे, रोज दहा पानं. माणूस सोलापूरचा पण नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट इथल्या जंगलात आयुष्य घातलं, वनखात्यात ३६ वर्षं, आणि इथल्या लोकांकडून झाडापाखरांची नावं शिकून घेतली. माधवराव पाटील डोंगरवारांबद्दल ते कसं लिहितात ते बघ, पक्ष्यांची माहिती असलेल्या गावच्या माणसाला त्यांनी गुरू मानलं. २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच जूनमध्ये ते गेले. त्या दिवशी मी तलावावर जाऊन बसलो होतो. आपण लहानपणापासून ज्या पाखराला नुसतं 'ते काळं पाखरू' म्हणायचो त्याचं नाव मला या माणसामुळं कळलं, हे मला फार मोठं वाटतं.

ती यशाची सूत्रं सांगणारी पुस्तकं तू मागं पाठवली होती ना, ती आत्ता बाजूला ठेव. तू थकलेला आहेस हे आवाजावरून कळत होतं, थकलेल्या माणसाला अजून धावायला सांगणारं पुस्तक नको.

ही पाचही पुस्तकं माझ्याकडं लोखंडी पेटीत आहेत, विकत घेऊ नको, इथं ये आणि वाच. नवतपा, म्हणजे सगळ्यात तापणारे नऊ दिवस, लागायच्या आधी, वीस मेच्या आसपास निघ. आंबा उतरलेला राहील, रस-शेवया आई करंलच. येताना अप्पा बळवंत चौकातून सदानंद देशमुखांचं बारोमास घेऊन ये, त्याला २००४ चा साहित्य अकादमी मिळालाय, माझी प्रत कोणीतरी नेली ती परत आलीच नाही. आणि पोरीला सोबत आण, धग मोठ्यानं वाचायला मला तिसरा आवाज पाहिजे.

तुझाच,
दोस्त